एकादशीची शिवी

जनकोजीराव सुर्व्यांच्या तोंडून कधी वावगा शब्द निघाला नाही, ही गोष्ट मद्रासजवळच्या आवडी गावातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये सगळ्यांना ठाऊक होती, आणि ज्यांना नव्हती त्यांना ती खुद्द जनकोजीराव सांगत. कारखान्यात बोटावर हातोडी बसली की बाकीची माणसं तमिळमध्ये, तेलुगूत, हिंदीत, ज्याला जी येईल तीत मोकळी होत. जनकोजीराव ओठ मिटून ‘रामा’ एवढंच म्हणत आणि पुन्हा कामाला लागत. आपण तंजावरचे, आपलं मराठी दरबारातलं, ते तोंडात घोळवावं, थुंकू नये, असं त्यांचं मत होतं. मत चांगलं होतं. अडचण एवढीच होती, की त्यांच्या वडिलांनी त्यांना वाटणीत शिव्याच दिल्या होत्या.

ही थट्टा नव्हे. तुकोजीराव सुर्व्यांना तीन मुलगे. थोरल्या दत्ताजीला घर गेलं, मधल्या राणोजीला कावेरीकाठची भाताची जमीन गेली, आणि धाकट्या जनकोजीला म्हाताऱ्याने उशाशी बसवून अकरा दिवसांत बत्तीस शिव्या पाठ करून घेतल्या. तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवर बसून जी माणसं खाली तंजावरला आली, त्यांच्याबरोबर देव आले, पंचांग आलं, पुरणपोळी आली आणि या शिव्याही आल्या. होळी पेटली की तिच्यासमोर उभं राहून घरच्या एका पुरुषाने त्या ओळीने म्हणायच्या, क्रम मोडायचा नाही, एकही गाळायची नाही, असा सुर्व्यांच्या घरचा रिवाज. पहिल्या आठ बायकांसमोर चालत. नवव्या शिवीला बायका आत जात. एकोणिसावीपासून पुढे पोरांचे कान झाकत. बत्तिसावी ऐकून तुकोजीरावांचे एक चुलते म्हणे होळीतच पडायचे, पण कुणीतरी धोतर धरलं म्हणून वाचले.

जनकोजीरावांना या वारशाची लाज वाटे. मद्रासला नोकरीला आल्यापासून दर शिमग्याला ते खिडक्या लावून घेत, दाराच्या फटीत पंचा कोंबत आणि काढा प्यावा तशा त्या बत्तीस शिव्या पुटपुटून मोकळे होत. तरी एका वर्षी शेजारच्या कनकाम्मांच्या कानावर काहीतरी गेलंच. हे कोणतं स्तोत्र, असं त्यांनी कामाक्षीबाईंना विचारलं. कामाक्षीबाई म्हणजे जनकोजीरावांची बायको, आवडीच्याच शाळेत गणित शिकवणारी. खोटं बोलणाऱ्या मुलांना बाकावर उभं करणारी ही बाई त्या दिवशी डोळ्याची पापणी न लवता म्हणाली, कुलदैवताचं आहे. कनकाम्मांनी भिंतीला नमस्कार केला.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. पण १९६२ सालच्या दिवाळीच्या पावसात जनकोजीराव एका देवळाच्या तळ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. पाय दोन महिने प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघालं तेव्हा पाय सरळ होता, मजबूत होता, फक्त वाकत नव्हता.

दुसऱ्या कुणाचं एवढ्याने काही बिघडलं नसतं. पण जनकोजीराव क्रेन चालवीत. कारखान्याच्या पत्र्याच्या छपराखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारी ती क्रेन, आणि तिच्या पोटाशी लटकलेली चालकाची केबिन. त्या केबिनमध्ये जायला एकच वाट होती, ती म्हणजे भिंतीला जोडलेली सव्वीस पायऱ्यांची उभी लोखंडी शिडी. चौदा वर्षं ते ती शिडी चढले होते. पाच टनांचं धूड उचलून ते जमिनीवर ठेवलेल्या काडेपेटीला नुसतं टेकवायचं, काडेपेटी दबू द्यायची नाही, हा त्यांचा खेळ बघायला दुसऱ्या खात्यांतली माणसं जेवण सोडून येत. आता साहेबांनी सांगितलं होतं की जूनच्या तीन तारखेला कारखान्याचे डॉक्टर येतील, त्यांच्यासमोर शिडी चढून दाखवायची. चढली तर क्रेन. नाही चढली तर फाटकावर स्टूल आणि हातात काठी.

जनकोजीराव त्या स्टुलाचा विचार करत तेव्हा त्यांना जेवण जात नसे. काठी घेऊन बसण्यात काही कमीपणा नाही, असं कामाक्षीबाई म्हणत. पण म्हणताना त्या त्यांच्याकडे बघत नसत.

इस्पितळातल्या बाईंनी व्यायाम शिकवला होता. उताणं पडायचं आणि टाच जमिनीवरून ओढत कमरेकडे आणायची. जिथे कळ येते तिथे थांबायचं नाही, तिथूनच खरा व्यायाम सुरू होतो, असं त्या बाई हसत हसत म्हणाल्या होत्या. कामाक्षीबाईंनी पहिल्याच दिवशी शाळेतून खडू आणि शिंप्याकडून टेप आणली. रोज सकाळी टाच जिथवर येई तिथे तांबड्या फरशीवर खडूची रेघ मारायची आणि तिथून कमरेखालच्या बैठकीपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहायचं. शिडीच्या दोन पायऱ्यांत चौदा इंच आहेत हे त्यांनी नवऱ्याला विचारून घेतलं. मग विटा रचून, त्यांच्या चांगल्या पायावर प्रयोग करून त्यांनी हिशेब काढला. शिडी चढायची तर टाच बैठकीपासून नऊ इंचांवर आली पाहिजे. जानेवारीअखेर ती अठरा इंचांवर होती.

फेब्रुवारी असाच गेला. जनकोजीराव दात आवळत, ‘रामा रामा’ म्हणत, घामाघूम होत, आणि आठवड्याला टाच अर्धा इंच सरके. दुसऱ्या दिवशी त्यातला पाव इंच परत जाई. मार्च उजाडला तेव्हा वहीत सतरा होते.

मग शिमगा आला. खिडक्या लागल्या, पंचा फटीत गेला. उभं राहून म्हणायचा रिवाज, पण पाय दुखत होता म्हणून जनकोजीराव उताणे पडूनच सुरू झाले. आणि कामाक्षीबाई रिकामं बसणारी बाई नव्हे. नवरा पडलाच आहे, तर व्यायामही उरकून घ्यावा, म्हणून त्यांनी त्यांची टाच धरली. पहिल्या आठ शिव्या होईपर्यंत काही झालं नाही. नवव्या शिवीला खरं तर त्यांनी आत जायचं, पण पाय हातात होता, म्हणून त्या बसून राहिल्या. अकरावीला कळ आली. ती अशी आली की जनकोजीरावांचा आवाज आपोआप चढला, पुटपुटणं संपलं आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा ती शिवी तिच्या खऱ्या आवाजात बाहेर पडली. बारावी, तेरावी, चौदावी एकामागून एक सुटल्या. बत्तीस झाल्या तेव्हा जनकोजीराव धापा टाकत होते, कामाक्षीबाईंचे कान लाल झाले होते आणि टाच पंधरा इंचांवर होती.

दोघांनीही टेपकडे बघितलं. कामाक्षीबाईंनी पुन्हा मोजलं. पंधराच.

‘‘दुखलं नाही कां?’’ त्यांनी विचारलं.

‘‘दुखलं की,’’ जनकोजीराव म्हणाले. ‘‘पण मी दुसऱ्या कामात होतों.’’

दुसरी बाई असती तर हात जोडून मोकळी झाली असती. कामाक्षीबाईंनी वहीचं नवं पान उघडलं. पुढचे बारा दिवस त्यांनी नवऱ्याला घाण्याला जुंपल्यासारखं जुंपलं. तीन दिवस गप्प राहून पाय वाकवायचा. तीन दिवस रामनाम घेऊन. तीन दिवस शिव्या घालून. रोज गजराच्या घड्याळावर नजर ठेवून, कळ आल्यापासून नवरा किती सेकंद तग धरतो तेही लिहायचं. आवाज मोठा केल्याने फरक पडत असेल की काय, अशी शंका त्यांना आली. म्हणून त्यांनी स्वतःच्या मनाने ‘पटकुंडा’ असा काहीच अर्थ नसलेला शब्द बनवला आणि उरलेले तीन दिवस तोच नवऱ्याला बेंबीच्या देठापासून ओरडायला लावला. पटकुंड्याने जनकोजीरावांचा घसा बसला, टाच जागची हलली नाही. गप्प बसून वीस सेकंद, रामनामाने तेवीस, पटकुंड्याने एकवीस आणि शिव्यांनी बेचाळीस, असे आकडे वहीत पडले. शिव्या अर्थातच शब्दांत लिहिल्या नव्हत्या. ‘क्रमांक अकरा’, ‘क्रमांक चोवीस’ अशा लिहिल्या होत्या, आणि पटकुंडा हा ‘क्रमांक शून्य’ होता. कामाक्षीबाई मराठी तमिळ अक्षरांत लिहीत. तंजावरच्या पुष्कळ घरांत तसं चाले.

जनकोजीरावांना आता वडिलांच्या देणगीची लाज वाटेनाशी झाली. उलट त्यांना हुरूप आला, आणि हुरूप आलेला तंजावरी माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. त्यांनी त्याचा नेम केला. रोज पहाटे स्नान करायचं, कपाळाला गंध लावायचं, पूर्वेकडे तोंड करून चटईवर पडायचं आणि बत्तीसच्या बत्तीस शिव्या स्पष्ट उच्चारांत, क्रमाने म्हणायच्या. गुरुवारी दोनदा. कनकाम्मा पलीकडून घंटा ऐकू येत नाही म्हणून हळहळत.

पहिले पंधरा दिवस टाच सुसाट आली. पंधराची चौदा झाली, तेरा झाली, एप्रिलच्या मध्याला अकरा झाली. आणि तिथे थांबली. दहा दिवस अकरा. मग साडेअकरा. घड्याळाचे सेकंदही बेचाळिसावरून तिसावर आणि तिसावरून पंचविसावर उतरले. जनकोजीरावांनी आवाज वाढवला, एकाची तीन पारायणं केली, पण गुडघा ढिम्म. एका सकाळी तर बाविसावी शिवी म्हणता म्हणता त्यांना जांभई आली.

कामाक्षीबाईंनी वही मिटली.

‘‘अस्कं, सगळंच, स्तोत्र झालंय तुमचं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ह्यांत शिवी राहिली नाही.’’

जनकोजीराव संतापले. वडिलांनी जीव तोडून दिलेली वस्तू ते रोज निष्ठेने वापरत होते, आणि ही म्हणत होती की त्यांनीच ती झिजवली. पण आकडे वहीत होते, आणि चौदा वर्षं लोखंड उचलणाऱ्या माणसाला आकड्यांशी भांडता येत नाही. तासाभराने ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि आता काय करायचं, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. तीन जूनला चाळीस दिवस राहिले होते.

‘‘उपास,’’ कामाक्षीबाई म्हणाल्या.

उपासाचे नियम त्यांनीच घातले. व्यायाम रोज, पण गप्प राहून. शिवी फक्त एकादशीला, तीही एक, आणि ती कुठली ते आदल्या दिवशी त्या ठरवणार. अकरा, चोवीस आणि बत्तीस या तीन जबरदस्त शिव्यांना तर तीन जूनपर्यंत मनातही हात लावायचा नाही. जनकोजीरावांना हे रोजच्या पारायणापेक्षा कितीतरी जड गेलं. कळ येई, शिवी जिभेच्या टोकावर येऊन उभी राही, आणि समोर वही घेऊन बसलेली बायको भुवई वर करी. ते गिळून टाकत. पण पहिली एकादशी आली आणि सतरावी शिवी त्यांच्या तोंडून सुटली, तेव्हा तिला धार आली होती. त्या एका शिवीवर टाच पाऊण इंच सरकली. दुसऱ्या एकादशीला दहावर आली, तिसऱ्या एकादशीला साडेनवावर. मधल्या दिवसांत कमावलेलं परत जात नसे. तीन जूनच्या आदल्या दिवशी कामाक्षीबाईंनी तीनदा मोजलं आणि वहीत नऊ लिहिलं. मग त्या उठून तोंड धुऊन आल्या. डोळे पुसलेले होते हे जनकोजीरावांना कळलं.

सकाळी निघताना त्यांनी वही नवऱ्याच्या खिशात घातली. जपून चढा, एवढंच त्या म्हणाल्या.

जेवणाच्या सुट्टीत यंत्रं बंद असताना परीक्षा ठरली होती. शेड इतकं शांत होतं की छपरावरचे कावळे ऐकू येत. शिडीपाशी दोन माणसं उभी होती. एक डॉक्टर नारायणस्वामी, उंच, काटकुळे, कागदावरून नजर न उचलणारे. दुसरे कारखान्याचे नवे अधिकारी कॅप्टन इनामदार, साताऱ्याकडचे, मद्रासला येऊन अजून महिनाही झाला नव्हता. बाकीचे लोक डबे घेऊन लांब उभे होते. जनकोजीरावांना वाटलं, हे सगळे मनात ते स्टूलच बघताहेत.

त्यांनी शिडीला हात लावून तो कपाळाला लावला आणि चढायला सुरुवात केली. पहिल्या आठ पायऱ्या ते गप्प चढले. नवव्या पायरीला कळ सुरू झाली. चौदाव्या पायरीला उजवा गुडघा अडला, जणू कुणी आतून खीळ मारली होती. खाली बघायचं नाही हा क्रेनवाल्यांचा पहिला नियम, तरी त्यांनी बघितलं. डॉक्टरांची पेन्सिल कागदावर टेकली होती.

मग जनकोजीराव सुर्व्यांनी अकरावी शिवी घातली.

चाळीस दिवस कोंडलेली शिवी ती. पत्र्याच्या छपराला जाऊन ती अशी आपटली की कावळे उडाले. तिच्यात घोडं होतं, घोड्याचा मालक होता, मालकाची शिंदळ आई होती, आणि त्या तिघांचं जे नातं सांगितलं होतं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. गुडघा वाकला. पंधरावी, सोळावी, अठरावी पायरी गेली. विसाव्या पायरीला पुन्हा अडला, तेव्हा चोविसावी निघाली. खाली कॅप्टन इनामदारांच्या हातातला चहाचा ग्लास हिंदकळला. शेवटच्या दोन पायऱ्यांना जनकोजीरावांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि त्यांनी मान वर करून, छाती भरून, तुकोजीरावांची बत्तिसावी सोडली. ती संपली तेव्हा ते केबिनमध्ये होते.

त्यांनी घंटा वाजवली. खाली लोकांनी डबे आपटले. सात महिन्यांनी त्या लोखंडी खुर्चीत बसताना जनकोजीरावांना भडभडून आलं, आणि तिथे बघणारं कुणी नव्हतं म्हणून त्यांनी ते येऊ दिलं.

खाली उतरणं सोपं गेलं. पण डॉक्टरांचा चेहरा सोपा नव्हता. ते तमिळमध्ये म्हणाले, तुम्ही चढलात हे खरं, पण काय किंमत देऊन चढलात ते मी ऐकलं. ज्या माणसाला वेदनेने असं किंचाळावं लागतं तो एक दिवस शिडीवरून पडेल, किंवा हातातलं धूड कुणाच्या डोक्यावर सोडेल. मला वाईट वाटतं, पण मी सही करू शकत नाही.

डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. त्यांना ते ओरडणं म्हणजे नुसतं रडणं वाटलं होतं. जनकोजीरावांसमोर सोपी वाट होती. मी किंचाळलो नाही, देवाचं नाव घेत होतो, एवढं म्हटलं की झालं. कनकाम्मांना पटलं ते डॉक्टरांनाही पटलं असतं. खरं काय ते तिथे एकाच माणसाला कळलं होतं, आणि ते कॅप्टनसाहेब आपल्या बुटांकडे बघत उभे होते. ते बोलले नसते. उलट खरं सांगायचं म्हणजे दोन अधिकाऱ्यांसमोर घाणेरड्या शिव्या घातल्याचं कबूल करायचं. त्याला नोकरीत शिक्षा होती. शिवाय सगळ्या शेडसमोर आपल्या सभ्यपणाची लक्तरं टांगायची.

पण वडिलांनी दिलेलं देवाच्या नावावर खपवायचं? अकरा दिवस उशाशी बसून घेतलेलं, तीनशे वर्षं घरातून घरात आलेलं, त्या सकाळी त्यांना शब्दशः हाताला धरून वर घेऊन गेलेलं? त्यांना लाज वाटली, पण या वेळी शिव्यांची नव्हे. इतकी वर्षं फटीत कोंबलेल्या पंच्याची वाटली.

त्यांनी टाचा जुळवल्या आणि मान ताठ केली.

‘‘ते रडणं नव्हतं, डॉक्टर,’’ ते तमिळमध्ये, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असं म्हणाले. ‘‘त्या शिव्या होत्या. माझ्या वडिलांच्या. आमच्या घरच्या.’’

डॉक्टरांनी कॅप्टनसाहेबांकडे बघितलं. कॅप्टन इनामदारांनी घसा साफ केला. ते इंग्रजीत म्हणाले की हो, त्या शिव्याच आहेत. आजोबा लष्करात होते, संतापले की यातल्या दोन घालत. बाकीची आज पहिल्यांदाच ऐकली, आणि आजोबा हयात असते तर त्यांना इथे घेऊन आलो असतो. मग ते जनकोजीरावांकडे वळले आणि मराठीत म्हणाले, ‘‘सुर्वे, तुम्ही ते सांगितलंत. मी गप्प बसणार होतो. मला माफ करा.’’

शिव्यांनी दुखणं कमी होतं, हे डॉक्टरांना पटलं नाही. जनकोजीरावांनी खिशातून वही काढली. आधी डॉक्टर उभ्या उभ्या वाचू लागले. मग त्यांनी तेलाचं एक रिकामं पिंप ओढून घेतलं आणि त्यावर बसले. भाषा परकी होती, पण अक्षरं तमिळ आणि आकडे तर सगळ्या जगाचे. अडेल तिथे जनकोजीराव अर्थ सांगत होते. गप्प बसलेले दिवस, रामनामाचे दिवस, शिव्यांचे दिवस. क्रमांक शून्य म्हणजे काय ते कळल्यावर डॉक्टर नारायणस्वामी हसले. या माणसाला हसता येतं हे कारखान्यात कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी पान उलटलं आणि त्यांची पेन्सिल एका जागी थांबली.

इथे लिहिलं आहे, ते म्हणाले, की रोज वापरली की शिवी बोथट होते. आणि क्रेनवर तर रोज चढायचं. मग?

प्रश्न अगदी वर्मावर होता. जनकोजीरावांनी वहीचं शेवटचं पान उघडून दिलं. तिथे कामाक्षीबाईंनी पुढचा हिशेब मांडून ठेवला होता. रोज शिडी चढणं हाच मोठा व्यायाम, दर पंधरवड्याला पाव इंच धरला तर गणेश चतुर्थीपर्यंत टाच आठ इंचांच्या आत येईल, त्यानंतर शिवीची गरज नाही. तोपर्यंत एकादशीला एक पुरेल.

डॉक्टरांनी तो हिशेब बोट ठेवून दोनदा तपासला. ही वही कुणी ठेवली, असं त्यांनी विचारलं. सुर्व्यांच्या घरात नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. जनकोजीरावांनी ते घेतलं.

‘‘कामाक्षीबाई सुर्वे,’’ ते म्हणाले. ‘‘माझी बायको. शाळेत गणित शिकवते.’’

डॉक्टरांनी कागदावर ‘योग्य’ असं लिहिलं आणि सही केली. मग थोडा विचार करून त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली, आणि कॅप्टनसाहेबांनी ती मोठ्याने वाचून दाखवली. शिडी चढताना या कामगाराने स्वतःच्या भाषेत काहीही म्हणावं, त्यास वैद्यकीय कारणास्तव हरकत नाही. लोकांनी जनकोजीरावांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. त्यांनी तो हाणून पाडला, कारण साडेतीनला एक इंजिन हलवायचं होतं.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा कामाक्षीबाई दारातच उभ्या होत्या. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे, कमरेवरचे हात तसेच आवळलेले होते. जनकोजीरावांनी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, परत वाचला, आणि खाली उंबऱ्यावरच बसल्या. तेही पाय जरा लांब करून शेजारी बसले आणि सगळं सांगू लागले. अकरावीला कावळे उडाले ते, कॅप्टनसाहेबांचा चहा, डॉक्टरांचा नकार, मग आपण काय बोललो ते. ते सांगताना त्यांचा आवाज चढत गेला, आणि समोरून कनकाम्मा जात होत्या तरी त्यांनी तो खाली आणला नाही. कामाक्षीबाई ऐकत होत्या, मधूनमधून पदराने डोळे टिपत होत्या.

‘‘आणि वही?’’ त्यांनी विचारलं.

वही डॉक्टरांनी मागून घेतली, जनकोजीरावांनी सांगितलं. दहा दिवसांनी परत देणार आहेत. असं आजवर कुणी मोजलेलं त्यांच्या ऐकण्यात नाही, ते दुसऱ्या डॉक्टरांना वाचून दाखवणार आहेत, वर तुझं नाव लिहून.

कामाक्षीबाई ताडकन उठल्या. शेवटची सहा पानं पेन्सिलीने लिहिलेली होती. घाईत. खाडाखोड होती. एके ठिकाणी तर सांबाराचा डाग होता. आणि ती पानं आता मद्रासभर डॉक्टर वाचणार होते.

‘‘मेल्याला सांगायचं नाही कां,’’ त्या कडाडल्या, ‘‘शाईनं लिहून देत्यें म्हणून? मुडदा पडो त्याचा!’’

शब्द बाहेर पडले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वीस वर्षांच्या संसारात, आणि त्याआधीच्या आयुष्यातही, त्यांच्या तोंडून निघालेल्या या पहिल्याच शिव्या होत्या. कुणी शिकवल्या नव्हत्या, कुणाच्या यादीत नव्हत्या. जनकोजीराव आपल्या बायकोकडे बघतच राहिले. क्रेनच्या खुर्चीत बसतानाही त्यांची छाती एवढी फुगली नव्हती.

‘‘काय बघता?’’ कामाक्षीबाई बोटांच्या फटीतून म्हणाल्या.

‘‘परत एकदा म्हण,’’ जनकोजीराव म्हणाले. ‘‘जरा मोठ्यानं.’’